कोंबडीचं माहेर

तीर्थरूप वन्सं,

ओल्या हातांचा नमस्कार. हात पुसून नीट करायचा होता, पण आमच्या धुलाईच्या दुकानात सध्या हात पुसायची सोय राहिलेली नाही. टॉवेल म्हणून जेवढे आहेत तेवढे सगळे एका अंड्याखाली गेलेत. अंडं कुणाचं ते पुढे येईलच.

तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे मागच्या पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंत आणि दोन्ही वेळा वेगळं लिहिलंत, म्हणून विचारते. बाकी तुमच्याकडे सगळं ठीक असणार, कारण नसतं तर तुम्ही कळवलं असतं, तेही सविस्तर. आमच्याकडे ठीक नाही, म्हणून मी कळवते आहे. मला लांबण लावता येत नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मी लिहिल्या त्या फक्त कपड्यांना टोचायच्या चिठ्ठ्या. तेव्हा एका वाक्यात सांगते. तुम्ही पाठवलेली कोंबडी ही कोंबडी नाही, आणि येत्या सोमवारच्या आत तुम्ही ती परत घेऊन जावी.

पत्र खरं तर इथेच संपलं. पण तुम्ही विचारणार, कोंबडी नाही तर काय आहे, परत का न्यायची, माझ्या भावाचं काय म्हणणं आहे, आणि मग मला पुन्हा लिहायला बसावं लागेल. म्हणून सगळं एकदाच लिहिते. कपडे भिजत पडलेत, पडू देत.

तुम्ही ती बुटाच्या खोक्यातून पाठवलीत, भाजीच्या टेम्पोवाल्याबरोबर. बरोबर निरोप, की मोठ्या जातीची कोंबडी आहे, तुमच्या कुंपणापलीकडे जो पक्षी पाळणारा आहे त्याच्याकडून घेतली, त्याच्याकडे अशी ढीगभर पिल्लं कायम असतात, अंडी भरपूर देईल. (तुमच्या भेटी आम्हाला नव्या नाहीत. तुम्ही पाठवलेलं कपाट दारातून आत आलं नाही, ते अजून जिन्याखाली उभं आहे आणि अख्खी इमारत त्यात छत्र्या ठेवते.) पिल्लू दिसायला छान होतं. अंगावर उभे पट्टे, झोपायच्या पायजम्यासारखे. मी म्हटलं असू दे, शिळा पाव तरी वाया जाणार नाही.

तेव्हा तुमच्या बंधूंची काय तऱ्हा होती ते तुम्हाला पुरतं ठाऊक नाही. चौकातल्या दहा मजली इमारतीत इतकी वर्षं लिफ्ट चालवली. मग नवी लिफ्ट आली, बटण दाबलं की आपली आपण जाणारी, आणि ह्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्या दिवशी घरी येऊन इस्त्रीच्या खोलीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. भांडण नाही, तंटा नाही, बोलणंच बंद. चहा हवा का विचारलं तर मान हलवायची, आणि ती पण अशी की हो का नाही कळू नये. झोपेत मात्र बोलायचे. 'चौथा मजला' म्हणायचे. मी कूस बदलली की म्हणायचे, 'सावकाश, दार बंद होतंय.' हा नवरा मोडीत निघाल्यासारखाच झाला होता. अशात हे पिल्लू आलं आणि ह्यांच्या चपलेमागे चालायला लागलं. आता चपलेमागे चालायचं तर चप्पल चालली पाहिजे, म्हणून हे खुर्चीतून उठले. मागच्या अंगणात, चादरी वाळत घालतो तिथे, दोघं फेऱ्या मारायला लागली.

आणि ते वाढलं. पट्टे गेले, वर राखाडी झिपरी पिसं आली, मान लांब झाली. काउंटरला पोचलं, मग माझ्या खांद्याला पोचलं, आता मी मान वर करून त्याच्याशी बोलते, आणि मी काही ठेंगणी नाही हे तुमच्याच आईने मला बघायला आल्यावर सांगितलं होतं. तुम्ही म्हणाल, तोवर तुम्हाला शंका कशी आली नाही. कशी येणार? तुम्ही कोंबडी म्हणालात, आम्ही कोंबडी धरून चाललो. मोठ्या जातीची असंही तुम्हीच सांगितलं होतंत. जात किती मोठी, ते सांगायला हवं होतं. गिऱ्हाइकांपैकी कुणी विचारलं नाही, कारण लोक धुलाईच्या दुकानात कपड्यांकडे बघतात. ज्या हॉटेलचे कपडे आमच्याकडे धुवायला येतात, त्याच्या मॅनेजरने तर दोन वाळत्या चादरींच्या मधून तिला बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, त्या लोकरीचा कोट घातलेल्या बाई कधीच्या उभ्या आहेत, आधी त्यांचं बघा.

आता हिचे गुण ऐका. ही बटणं खाते. शर्टाची, उशीच्या अभ्र्याची, गणवेशाची, चकाकणारं काही दिसलं की टिपलंच. आमच्याकडून धुतलेला शर्ट घातला की माणूस दोन्ही हातांनी पुढचं धरून चालतो. आम्ही बरणीभर बटणं आणून ठेवली आहेत, आणि तुमचे बंधू बसून टाचतात. (बटणांनी ह्यांची नोकरी खाल्ली, म्हणून ही बटणं खाते, असं तुमचे बंधू म्हणतात. मला त्यात काही शहाणपण दिसत नाही, पण ह्यांनी केलेला हा पहिलाच विनोद असल्यामुळे मी हसले.) दुसरा गुण, ही आरवत नाही. गळ्याच्या आतून ढोल वाजवते. धुम, धुम, धुम. पहिल्यांदा वाजला तेव्हा मला वाटलं मोठं मशीन गेलं. मेकॅनिकला बोलावलं. त्याने ते उघडलं, जोडलं, पैसे घेतले आणि निघाला, तर दारातच पुन्हा धुम. परत आला, परत उघडलं. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा त्याने मागे वळून बघितलं, आणि तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

मोठी झाल्यावर तुमच्या बंधूंना धास्ती पडली की ही उडून जाईल. म्हणून पंख छाटायचे ठरवलं. मी धरली, हे कात्री घेऊन पंख शोधायला लागले. पिसं बाजूला करतात, अजून करतात, पंख सापडेना. शेवटी पिसांच्या आत केळ्याच्या सालीएवढं काहीतरी लोंबताना मिळालं. मी म्हटलं हे छाटून काय मिळणार. हे म्हणाले, लहान आहेत म्हणून फसू नकोस, ह्यांच्यात जोर असेल. पण छाटायला हात धजेना, म्हणून मग अंगणावर जाळं बांधलं. अख्ख्या अंगणावर, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माझ्या दोऱ्यांच्या वरून, इतकं घट्ट की चिमणी शिरायची नाही. हे आठ दिवस शिडीवर होते. काम संपलं, खाली उतरले, कौतुकाने वर बघत उभे राहिले, आणि कोंबडी त्यांच्या शेजारून गेली, इस्त्रीच्या खोलीतून काउंटरवर आली, आणि पुढच्या दाराने रस्त्यावर चालती झाली. आभाळ बंद केलं होतं. दार उघडं होतं.

जाताना तिने हॉटेलची एक मोठी चादर दोरीवरून ओढून नेली, ती तिच्या पाठीवर चांगली पसरली होती. मी मागे, हे माझ्या पुढे. वन्सं, तुमचा भाऊ धावला. मी लग्नात बघितलं होतं ह्यांना धावताना, गाडी चुकत होती तेव्हा, त्यानंतर आत्ता. बसच्या रांगेतल्या लोकांनी हिला वाट दिली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. ही सरळ चौकात गेली आणि त्या दहा मजली इमारतीत शिरली. पहारेकऱ्याने दार उघडून धरलं. त्याला मी दोष देत नाही, चादर माझ्या हातची इस्त्री केलेली होती आणि ती घालून कुणीही मोठं माणूस वाटतं.

पुढचं काय सांगू. आत समोर लिफ्ट, लिफ्टमध्ये बटणं, आणि बटणांच्या आत दिवे. ही आत गेली. आत आधीच एक वकील आणि फायली घेतलेल्या दोन कारकून बाया होत्या. दार मिटता मिटता तुमचे बंधू आत घुसले आणि मी बाहेर राहिले. हिने एकूण एक बटण टोचलं. मग लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेली, आणि मी जिन्याने. प्रत्येक मजल्यावर मी पोचायची तेव्हा दार नुकतंच मिटत असायचं, आणि आतून तुमच्या बंधूंचा आवाज यायचा. 'दुसरा मजला, विम्याचं ऑफिस, दातांचे डॉक्टर. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या.' 'पाचवा मजला, कर भरणा उजवीकडे. मॅडम, पिसं सांभाळा.' लोक निमूट चढत होते, निमूट उतरत होते. दातांच्या डॉक्टरांचा पेशंट मला जिन्यात भेटला, म्हणाला बरं झालं, जुना माणूस परत घेतला.

मी गच्चीवर पोचले तेव्हा माझ्यात जीव उरला नव्हता. दोघं कठड्याशी उभी होती. तिची मान लांब होऊन बाहेर, आणि हे बोट दाखवून तिला सांगत होते, ती टाकी, तो पूल, ती शाळा, आणि ते पांढरं फडफडतंय ना, ते आपलं घर. इतकं सलग बोलताना मी ह्यांना आजवर ऐकलेलं नाही. ती ऐकत होती. अशी ऐकत होती की जसं काही तिला वरून बघायचं कधीचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, घरी चला, पाणी तापत ठेवलंय.

ह्याचा परिणाम म्हणून इमारतीवाल्यांनी तक्रार केली, आणि प्राण्यांच्या खात्याचा साहेब आमच्या दारात आला. तरुण माणूस, बुटांना चिखल लागू न देणारा. त्याने विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं कोंबडी. तो म्हणाला, असं कसं. मी म्हटलं, वन्संनी पाठवली आहे, त्यांच्या मोठ्या जातीच्या असतात. मग तो खाली बसला आणि तिची बोटं मोजायला लागला. शहामृगाला म्हणे पायाला दोन बोटं असतात. हिला तीन, म्हणजे ही शहामृग नाही. कोंबडीला तीन पुढे आणि एक मागे अशी चार. म्हणजे ही कोंबडी पण नाही. तुमचे बंधू शांतपणे म्हणाले, साहेब, चौथं कामात गेलं असेल, धुलाईत जातं माणसाचं. तो म्हणाला दोन्ही पायांचं? हे म्हणाले, बरं, मग असं बघा, तीन हे चाराच्या जवळ आहे का नाही? साहेब म्हणाला, ते दोनाच्याही तेवढंच जवळ आहे. आणि मग तो स्वतःच पुन्हा पहिल्यापासून बोटं मोजायला लागला.

शेवटी म्हणाला, ह्याला एमू म्हणतात, आणि प्रश्न असा की ह्याचं मूळ कुठलं. त्यांच्या खात्यात सगळं मुळावर चालतं. परमुलखातलं जनावर असलं तर त्याला परवाना, कुंपण, तळं आणि काय काय लागतं, नाहीतर खात्याची गाडी येऊन घेऊन जाते. घरच्या कोंबडीला काहीच लागत नाही. मी म्हटलं, अहो, बुटाच्या खोक्यातून आली, परमुलूख कुठला? तो म्हणाला, ही नाही, हिचे पूर्वज. आता वन्सं, तुमच्या-माझ्या पूर्वजांचं कुणी विचारलं तर पणजोबाच्या पुढे आपल्याला सांगता येत नाही, हिचं मी काय सांगू?

इथे वरच्या मजल्यावरचे मास्तर पडले मध्ये. भूगोलाचे मास्तर, निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही, आणि इथे चक्क एक सरकारी माणूस मूळ कुठलं म्हणून विचारत होता. मास्तर म्हणाले, हे फार सुंदर प्रकरण आहे. शहामृग आफ्रिकेत, एमू ऑस्ट्रेलियात, ऱ्हिया नावाचा त्यांचा एक भाऊ दक्षिण अमेरिकेत, आणि उडता एकालाही येत नाही, मग मधला समुद्र ओलांडला कुणी? तर कुणीच नाही. फार फार पूर्वी खालच्या अंगाची सगळी जमीन एकच होती, पक्षी तिच्यावर चरत होते, आणि पायाखालची जमीनच फाटून पांगली. हे सांगताना त्यांना दाखवायला काही मिळेना, म्हणून त्यांनी काउंटरवरचा हॉटेलचा उशीचा अभ्रा उचलला आणि फाडला. ही आफ्रिका, ही अमेरिका, हे ऑस्ट्रेलिया. साहेब बघत राहिला. मी अभ्रा बघत राहिले. मला ते कळलं, नाही असं नाही. एका घराची वाटणी झाली आणि ज्याच्या वाट्याला जी खोली आली तिच्यात तो राहिला. पण वाटणी समजवायला दुसऱ्याचा अभ्रा कशाला फाडायचा? मी मास्तरांना सुईदोरा दिला आणि जोडून घेतल्याशिवाय वर जाऊ दिलं नाही. त्यामुळे आता आमच्या दुकानात तरी सगळे खंड पुन्हा एक आहेत, फक्त ऑस्ट्रेलिया उलटं शिवलं गेलंय.

शिवण चालू असतानाच मास्तरांची सून कॉलेजातून आली. ती तिथे प्राणी शिकवते. ऐकलं आणि म्हणाली, बाबा, हे जुनं झालं. (सासऱ्याला चार माणसांत जुनं म्हणायचं नसतं. मी तिला नंतर बोलले.) तिचं म्हणणं, जमिनी फाटल्या ते खरं, पण पक्ष्यांचं त्या वेळेशी जुळत नाही. ह्यांचे पूर्वज उडणारेच होते, लहान लहान. उडत उडत वेगवेगळ्या जागी गेले, आणि मोठमोठे सरडे नाहीसे झाल्यावर जमिनीवर खायला भरपूर आणि मागे लागणारं कुणी नाही, असं बघून जो तो आपापल्या जागी उडायचं सोडून बसला, मग अंगाने वाढला. त्यांच्यातला एक नातलग दक्षिण अमेरिकेत अजून थोडाफार उडतो म्हणे, म्हणजे घराणं उडणाऱ्यांचंच. हे ऐकून मी तुमच्या बंधूंकडे बघितलं. ते कोंबडीकडे बघत होते. दोघांचे चेहरे एकसारखे.

मग तिने एक सांगितलं ते मात्र माझ्या डोक्यात बसलं. न्यूझीलंडात किवी म्हणून कोंबडीएवढा पक्षी आहे. तिथेच पूर्वी माणसापेक्षा उंच, बिनपंखी पक्षी असायचे. एका गावचे, तेव्हा सगळ्यांना वाटलं सख्खे असणार. तपासलं तर त्या किवीचं जवळचं नातं निघालं पार समुद्रापलीकडे, आफ्रिकेशेजारच्या एका बेटावर, तिथल्या एका धिप्पाड पक्ष्याशी, जो आता उरलेला नाही. सगळ्यांनी नवल केलं. मला काही नवल वाटलं नाही. आमच्या समोरचा पेपरवाला तुमच्या बंधूंसारखा दिसतो, रोज दोनदा चौकशी करून जातो, आणि त्याचं आमचं काही नातं नाही. सख्खी बहीण तीन गाड्या बदलाव्या लागतात म्हणून येत नाही.

साहेबाने दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे हिचं मूळ कुठलं लिहू? मास्तर म्हणाले, जो खंड आता नाही तो. सून म्हणाली, ऑस्ट्रेलिया, पण त्याच्या आधीचं ठाम सांगता येत नाही. साहेब म्हणाला, जो खंड अस्तित्वातच नाही तिथलं जनावर कुणाच्या हद्दीत येतं हे मला वर विचारावं लागेल. ('वर' म्हटल्यावर तुमच्या बंधूंनी सवयीने विचारलं, कितवा मजला?) जाताना म्हणाला, सोमवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर ही ज्यांच्या घरून आली त्या घरचं कुणी माझ्यासमोर येऊन सांगत असेल की ही त्यांच्या परसातली आहे, तर मी कोंबडी समजेन आणि विषय मिटवेन, कारण मला ह्या बोटांमुळे झोप लागणार नाही. नसेल तर गाडीत घालून नेईन. तेव्हापासून मास्तर आणि सून एकमेकांशी बोलत नाहीत. मास्तरांचा मुलगा दोघांनाही हो म्हणतो आणि जेवण झालं की आमच्या दुकानात येऊन बसतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिने अंडं घातलं. इतके दिवस नाही, साहेबाला दाखवायला उपयोगी पडलं असतं तेव्हा नाही, साहेब गेल्यावर. हॉटेलच्या टॉवेलांच्या टोपलीत. हिरवं, वन्सं. गडद हिरवं, रंग दिलेल्या दारासारखं, आणि दोन हातांत धरावं लागेल एवढं. तुमचे बंधू त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. मी सुनेला बोलावलं. ती म्हणाली, एमूमध्ये मादी अंडं घालून मोकळी होते, उबवायला नर बसतो. दोन महिने जवळपास, जागचा हलत नाही. मी म्हटलं, मग हे आमच्या घराला नवीन नाही. पण तुमच्या बंधूंनी ते मनावर घेतलं. इस्त्रीच्या खोलीत, जिथे वाफेची नळी जाते त्या कोपऱ्यात, सगळे टॉवेल रचले, अंडं मध्ये, आणि त्याला टेकून स्वतः. दिवसातून अनेकदा फिरवतात. सून म्हणाली होती की नर बसल्यावर काही खात नाही. हे म्हणाले, बघतो जमतंय का. दुपारच्या चहापर्यंत टिकले. पण फरक बघा, हे आधीही त्याच खोलीत बसायचे, आताही बसतात. आधी विचारलं तर मान हलवायचे. आता सांगतात, उगाच आत-बाहेर करू नकोस, वारं लागतं. मला दटावतात. मी ऐकून घेते.

तर असं आहे. मॅनेजर टॉवेल मागतो, मेकॅनिक येत नाही, गिऱ्हाईक शर्ट धरून चालतात, वर भूगोलाचं भांडण, खाली ढोल, आणि सोमवारी गाडी. माझं वय झालं, वन्सं, मला हे झेपत नाही. सरकारी गाडीतून जाण्यापेक्षा आपल्या माहेरी गेलेली बरी, म्हणून म्हणते, या आणि घेऊन जा. माझी एक इस्त्रीची खोली मला परत मिळेल. मला तिचं काही वाटणार नाही.

आता मशीन थांबलं, पुरे करते. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावा, थंड लावू नका, त्या पेपरातल्या डॉक्टरचं ऐकू नका. थोरामोठ्यांना नमस्कार सांगायचा तर तुमच्याकडे थोरामोठ्या तुम्हीच.

तुमची भावजय

ता. क. वर 'परत न्या' असं लिहिलंय ते खोडलं नाही, कारण खोडल्यावर पान घाण दिसतं. पण नेऊ नका. काल सकाळी मी तुमच्या बंधूंना सांगितलं की वन्संना लिहिते, त्या नेतील. त्यांनी मान हलवली, ती जुनी, हो का नाही न कळणारी. मला ती मान पुन्हा बघायची नाही. तेव्हा तुम्ही रविवारी या आणि सोमवारी साहेबासमोर उभं राहून सांगा की ही तुमच्या परसातली कोंबडी आहे, तुमच्याकडे अशाच होतात. तुमच्या तोंडाला तो लागणार नाही, आजवर कुणी लागलेलं नाही. बिचारीला माहेरचं असं दुसरं कोण आहे? गुडघ्यांचं सांगू नका, आम्ही तळमजल्यावर राहतो.

ता. क. आणखी एक, आणि हे तुमच्या बंधूंना कळता कामा नये, म्हणून पत्र तुम्ही एकट्याने वाचा. सुनेने मला जिन्याखाली, तुमच्या कपाटाशी नेऊन हळूच सांगितलं की नर नसताना घातलेलं अंडं असंच असतं, त्यात काही नसतं. दोन महिने काय, दोन वर्षं बसले तरी काही निघणार नाही. मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणार पण नाही. म्हणून येताना कुंपणापलीकडच्या त्या पक्षीवाल्याला गाठून ठेवा, की दिवस भरतील तेव्हा एक ताजं, नुकतं निघालेलं पिल्लू बुटाच्या खोक्यात घालून टेम्पोवाल्याबरोबर पाठव. अंडं फोडायचं, कवच तिथे ठेवायचं, पिल्लू टॉवेलाखाली सरकवायचं, ते मी बघते. ते सकाळी दाढी करायला उठतात तेवढा वेळ मला पुरे आहे.

ता. क. शेवटचं. साहेबासमोर कोंबडी कोंबडी म्हणून ठासून सांगा, पण पक्षीवाल्याशी बोलताना भान ठेवा. अंगावर पट्टे असलेलं पिल्लू. ह्या वेळी खरंच कोंबडीचं आलं तर मी त्यांना काय सांगू?